मुन साहेबांचा शब्द

सोलमधल्या त्या कंपनीने अख्खा विभागच गुंडाळला, तेव्हा विभागप्रमुख मुन साहेब आणि त्यांच्या हाताखालची पोरं असे सगळेच घरी बसले. नोकऱ्या लावून देणाऱ्या यूरिमचा फोन साहेब पहिल्याच रिंगला उचलत. पण तिची चौकशी दरवेळी त्या पोरांबद्दलच असे.

"साहेब, तो ग्युनहो माणूस म्हणून कसा?"

"डोळे झाकून घ्या. कितीही ओरडलो तरी उलटून बोलला नाही कधी," साहेब सांगत. मग हळूच विचारत, "आणि माझं काही?"

"बघतेय ना. तुमच्या शब्दाला फार वजन आहे, साहेब."

वजन होतंच. वर्षभरात एकेक करून सगळी पोरं चिकटली, तीही बढतीवर. कुणी इथे प्रमुख, कुणी तिथे.

शेवटी एकदाचा साहेबांसाठी फोन आला. "तुमच्या कामाच्या जागा आहेत हो साहेब," यूरिम म्हणाली, "पण जिथे विचारावं तिथे वर तुमचंच पोर बसलंय."

"मग चांगलंच की. ग्युनहो काय म्हणाला?"



"म्हणाला, ज्यांच्या पेल्यात इतकी वर्षं मान राखून दोन्ही हातांनी दारू ओतली, त्यांना आता कोणत्या तोंडाने काम सांगू?"