पांढऱ्यावर पांढरं

रानातली अळंबी ओळखायची तर तिची टोपी रात्रभर कागदावर ठेवायची. सकाळी खाली पावडरीचा ठसा उमटतो. तो पांढरा असेल तर अळंबीच्या वाटेला जायचं नाही, असं पुस्तकात होतं. मी दीडशहाण्याने कागदच पांढरा घेतला. काही दिसेना, म्हणून ताईला म्हणालो, "खा बिनधास्त."

दोघांनी खाल्ली, भोगलं मात्र तिने. चार दिवस ती हॉस्पिटलात होती. डॉक्टरांना मी सांगितलं, बाजारातून आणली होती. ताईने ते ऐकलं.

ती घरी आल्यावर सकाळी चहा घेऊन गेलो. ती तोंड धूत होती. तिच्या काळ्या अभ्र्यावर, डोकं टेकतं तिथे, पांढरा गोल ठसा होता. मधून कडेपर्यंत बारीक रेघा, अगदी पुस्तकातल्या चित्रासारख्या.

मी चोरासारखा तो झटकून टाकला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा होता. तिसऱ्या दिवशीही.

आज तिने मला झटकताना पकडलं. माझी मान वर होईना.

"असू दे रे," ती म्हणाली. "तुझीही उशी मी रोज झटकते."

"पण माझा अभ्रा तर पांढरा आहे."

"हो, दिसत नाही. हाताला लागतं."