ओपांचा अभिप्राय

समरकंदच्या आमच्या संस्थेने कार्यालयीन सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्यावी का, यावर संचालकांनी मुकर्रम ओपांचा लेखी अभिप्राय मागवला. एकतीस वर्षे सारा पत्रव्यवहार या ओपांच्या, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या थोरल्या ताईंच्याच हातून जात होता. ओपांनी लिहिले : ‘अवश्य घ्यावी. माझे आठवड्याचे काम ती तासाभरात उरकते.’

“ओपा, हे वाचल्यावर तुम्हाला कोण ठेवून घेईल?” शेजारच्या टेबलावरच्या शहनोझाने विचारले.

“मग खोटं लिहू? या वयात नवीन काय काय शिकायचं गं?”

अभिप्राय एकमताने स्वीकारला गेला. ओपांच्या सचोटीवर संचालक फार सुंदर बोलले आणि स्वतः उठून त्यांनी ओपांना चहा ओतून दिला.



पाहुण्याने अजून बसावे असे वाटते तेव्हा आमच्याकडे प्याला अर्धाच भरतात. ओपांचा काठोकाठ भरला होता.