मोकळा ठिपका
हवा तापली की परदेशी तण कुठवर पसरेल, याचे नकाशे करण्यात तिची नऊ वर्षं गेली होती. यंदाच्या पाहणीत सगळी टेकडी तणाने भरलेली, फक्त एक ठिपका मोकळा. चूक असणार म्हणून ती थकल्या पायांनी तपासायला चढली. तिथे निवृत्त वनरक्षक गुडघ्यांवर बसून तण उपटत होता. आपलं नकाशांचं काम सांगून तिने विचारलं, “एकटेच करता, काका?” “बायको होती तोवर दोघं होतो.” त्याने हातमोजा काढला, बोटं वाकडी झाली होती. “ताई, तुमचा नकाशा काय म्हणतो? खरं सांगा.” सांगणं तिच्या जिवावर आलं. “दहा वर्षांत हीही जागा जाईल.” “म्हणजे इतकी मरमर फुकटच!” “नाही हो. आमच्या गणिताप्रमाणे ही सात वर्षांपूर्वीच जायला हवी होती.” “सात वर्षं?” म्हातारा मोकळ्या जागेत उगवलेल्या कोवळ्या झाडांकडे बघत राहिला. मग कडेच्या जुन्या झाडाच्या खोडाला पाठ टेकून म्हणाला, “आज जरा बसतो.”