तात्यांची गाडी

अंगणात गाडीचा नवा वॉटर पंप बसवून हणमंत त्यावर पट्टा चढवत होता, तेवढ्यात त्याची दोन बोटं पट्ट्याखाली अडकली. त्याच वेळी गाडीचं दार वाजलं. बॉनेटखालच्या फटीतून त्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले वडील दिसले.

तात्यांनी तीस वर्षं एसटी चालवली होती. आता त्यांना पोराचं नावही आठवत नसे. आणि किल्ली गाडीलाच होती, बॅटरीची वायरही काढायची राहिली होती.

“तात्या, चालू करू नका! माझा हात आहे आत!”

तात्यांनी शांतपणे आरसा नीट केला आणि किल्ली अर्धी फिरवली. रेडिओ वाजू लागला. आता स्टार्टर फिरला की बोटं गेलीच.

मग त्याला एसटीतल्या कंडक्टरची घंटी आठवली: एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. मोकळ्या हातानं त्यानं पाना बॉनेटवर एकदाच हाणला आणि तसाच दाबून धरला, दुसरा आवाज होऊ नये म्हणून.

तात्यांचा हात किल्लीवरून खाली आला. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“कोण उतरतंय रे?”