लाल कुंड

"आईचं रक्त बाटलीत भरतेस? तेही चपला घालून?" देवळाचा म्हातारा गुरव लेकीवर खेकसला. दर चैत्रात देवीच्या कुंडाचं पाणी लाल व्हायचं आणि ते कपाळी लावायला अख्खी पंचक्रोशी लोटायची.

"रक्त नाही, आबा. सूक्ष्मजीव आहेत ते. कॉलेजात हेच शिकवते मी," म्हणत तिने पायरीवर मांडलेला सूक्ष्मदर्शक त्याच्यापुढे सरकवला. तिला खोटं पाडायचंच, म्हणून त्याने भिंगाला डोळा लावला. एका थेंबात शेकडो लाल जीव तुरुतुरु पळत होते. त्याचा डोळा भिंगावरून हटेना.

तीर्थ घ्यायला आलेला सरपंच मागून फिदीफिदी हसला. "म्हणजे किडेच की! इतकी वर्षं आमच्या कपाळाला किडे फासलेत होय, गुरव? उद्याच ब्लीचिंग पावडर ओततो."

लेक काही बोलणार, तोच गुरवाने हातातला तांब्या सरपंचाच्या पायाशी आदळला.

"हात लावून बघ! आई इथं जिवंत आहे, हे आजवर नुसतं ऐकत आलो. आज डोळ्यांनी पाहिलंय."

लेकीला हसू फुटलं. गुरव गर्रकन तिच्याकडे वळला.

"दात काय काढतेस? आधी चपला काढ!"