हडळीचं वळण

बैल थांबले. हडळीचं वळण आलं होतं.

तिसगाव अजून दीड कोस होतं आणि गाडीत राही कळांनी तळमळत होती. मूल आडवं आलेलं. वेळेत डॉक्टरपाशी पोचली तर दोन्ही जीव वाचणार, नाहीतर एकही नाही. लढाईपायी पेट्रोल मिळेना, म्हणून सर्व्हिस मोटार बंद. राहिली ही गाडी, आणि गाडीला हे बैल.

"कारभारी, हाका ना लवकर!" राहीच्या उशाशी बसलेली लिडियाबाई म्हणाली. मिशनमध्ये शिकलेली ही नर्स आसपासच्या चार गावांची बाळंतपणं करायची.

कारभारी, म्हणजे राहीचा नवरा, खाली उतरला. बैलांना चुचकारलं, जू ओढून पाहिलं. चाबूक मात्र उचलला नाही. हडळीनं धरलेल्या बैलावर हात टाकायचा नसतो, हे तिथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

"उताराच आनला न्हाई!" त्याची आई बनुबाई कपाळ बडवून म्हणाली. लिडियाबाईचा पदर लागू नये म्हणून ती गाडीच्या पार टोकाला अंग चोरून बसली होती. "भाकरी-गूळ गडबडीत घरीच ऱ्हायला. फिरीव गाडी माघारी."

"माघारी? आजी, तेवढा वेळ नाही आपल्याकडं."

"मग बसा हितंच! मागल्या खेपेला बी हितंच खोळंबलो. पोर पोटातच नेलं तिनं. हिच्यावर डोळाच हाय हडळीचा, लगीन झाल्यापासनं."

राहीनं ओठ दाताखाली धरले. तीन वर्षं ती हेच ऐकत आली होती. कळा सोसवत होत्या, हे सोसवत नव्हतं.

लिडियाबाई खाली उतरली. बाभळीखाली, बैलाच्या तोंडाशी येईल असा एक शेंदूर फासलेला दगड होता. बाकी नुसता रस्ता, फुफाटा आणि रणरणतं ऊन.

"उतारा ठेवला की काय होतं, आजी?"

"काय हुनार? त्या दगडावर ठिवायचा आन् समद्यांनी पाठ फिरवायची. अकरा येळा देवाचं नाव घ्यायचं. मग बघावं तर भाकरी गडप! मग बैल आपसूक चालत्यात."

"खाताना कुणी बघितलंय?"

"अगं बया! बघायचं नसतं. बघनारा रगत वकतो."

लिडियाबाईनं आपलं फडकं सोडलं. आत एक भाकरी होती.

"तुमच्या हातची न्हाई घ्यायची ती," बनुबाई पुटपुटली.

"तिलाच विचारू की." लिडियाबाईनं अर्धी भाकरी मोडून दगडावर ठेवली.

कारभाऱ्यानं मुंडाशाचा सोगा तोंडावर ओढला. बनुबाईनं पदरात डोकं घातलं. राहीनं डोळे गच्च मिटले. लिडियाबाईनं पाठ फिरवली नाही, पण खोटं कशाला सांगा, भीती तिलाही वाटत होती. तीही याच मातीतली. येशूचं नाव घेत ती दगडाकडं बघत राहिली.

बनुबाईचं सहावं नाव झालं असेल नसेल, ढवळ्या बैलानं मान लांबवली, जीभ बाहेर काढली आणि भाकरी आत ओढली.

"कारभारी, इकडं बघा."

"नगं, नरसबाई."

"बघा म्हणते ना! रक्त ओकलात तर मी आहे." गाडी हलायच्या आत तिनं उरलेली अर्धी दगडावर ठेवली.

कारभाऱ्यानं सोग्याच्या फटीतून पाहिलं. दुसरी अर्धीही गेली. ढवळ्या निवांत ओठ चाटत होता.

"आयला! ढवळ्या, तू?"

बनुबाईनं पदराआडून एक डोळा काढला, मग दुसरा. किती वर्षं सगळ्या पंचक्रोशीचे बैल हा खुराक खात आले होते! वळण आलं की ते थांबत, ते थांबले की माणसं घाबरत, आणि घाबरली की भाकरी ठेवत. बैलांचं काय बिघडत होतं?

कारभाऱ्याचं डोकं सणकलं. पहिल्या पोराची आठवण होऊन त्यानं चाबूक उगारला.

"अहो, मारू नगा त्याला," गाडीतून राही कण्हत म्हणाली. "आपुन घातलं, त्यानं खाल्लं." मग मान वळवून तिनं सासूकडं पाहिलं. "आत्याबाई, माझं पोर हडळीनं न्हाई नेलं."

राही रडता रडता हसायला लागली. पोटातल्या कळेनं मधेच ओरडायची आणि पुन्हा हसायची. ढवळ्यानं आपणहून पाऊल उचललं. कारभाऱ्यानं उडी मारून कासरा धरला आणि बैल असे पळवले, की तिसगावच्या वेशीपर्यंत धुरळा खाली बसला नाही.

दिवस कलता कलता लिडियाबाई दवाखान्याच्या ओसरीवर आली. डोळे लाल, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या.

"मुलगी झाली. राही शुद्धीवर आहे. दोघी सुखरूप आहेत."

कारभारी खांबाला धरून हमसून हमसून रडला. बनुबाई हात जोडून खालीच बसली. सुटलो रे देवा, सुटलो, एवढंच किती वेळ म्हणत राहिली.

मग ती उठली आणि सरळ लिडियाबाईच्या अंगावर चालून आल्यासारखी आली. लिडियाबाई सवयीनं मागं सरकली. तिला वाटलं, म्हातारीला आत जायला वाट हवी असेल.

बनुबाईनं दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला, गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर दहाही बोटं कडाकडा मोडली.

"माझीच दिष्ट लागंल गं बाई तुला," ती म्हणाली.

दृष्ट लागताना कुणी बघितलंय, असं या खेपेला लिडियाबाईनं विचारलं नाही.