नव्या चेहऱ्याची गाडी

"सर, जाळी नवी, दिवे नवे, बंपर नवा!" शोरूममधला सेल्समन त्या छोट्या गाडीभोवती वरमाईसारखा मिरवत होता. निनाद भाळलाच. घरी हीच गाडी होती, फक्त जुन्या चेहऱ्याची.

"आणि मागच्या सीटला काय नवं?" रेणुकाने विचारलं. तान्ह्या चिऊला घेऊन तिचा मुक्काम कायम तिथेच. एसीचा वारा तिथवर पोचतच नसे. लेकीची इवलीशी मान घामोळ्यांनी भरली होती.

"मागे तसंच आहे, मॅडम. पण रंग सहा आलेत!"

"तुझं आपलं काहीतरीच," असं रेणुकाला म्हणत निनादने फेरी मारायला किल्ली मागितली. लायसन्स मात्र तो घरी विसरला होता. रेणुकाने दुपट्यांच्या पिशवीतून स्वतःचं काढलं, चिऊसकट त्याला मागे बसवलं आणि स्टीअरिंग हातात घेतलं.

दुसऱ्या सिग्नललाच मागून हाक आली, "अगं, इथे वाराच येत नाही! पोर घामाने भिजली!"

शोरूमला परतताच निनाद गरजला, "मागे एसी पोचणारी गाडी दाखवा. एवढं साधं कुणाच्या लक्षात कसं येत नाही?"

"काय बारीक नजर आहे हो सरांची!" सेल्समन उद्गारला.

आणि निनाद चक्क थँक्यू म्हणाला.